जुन्या हायब्रिड गाडीच्या इंजिनातील ठोके : घरच्या घरी काय करता येईल?

उंचावरचा (ऑरोरा, कोलोरॅडो)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०११ सालची, म्हणजे तिसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस आहे. इंजिन १.८ लिटरचे असून मीटरने एक लाख साठ हजार मैलांचा टप्पा ओलांडला आहे. गाडी दुसऱ्याच्या हातची घेतल्यामुळे आधीच्या देखभालीचे कागद अर्धवटच मिळाले.

गेल्या हिवाळ्यापासून इंजिनातून दोन वेळी आवाज येतो. पहिला आवाज चढावर येतो. डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने आयझेनहावर बोगद्याकडे चढताना बॅटरी उतरते, सगळा भार इंजिनावर येतो आणि पुढून बारीक, तीक्ष्ण किटकिट ऐकू येते. दुसरा आवाज सकाळचा. रात्रभर थंडीत उभी राहिलेली गाडी पहिल्यांदा इंजिन सुरू करते, तेव्हा काही सेकंद सगळी गाडी थरथरते आणि जोरात खडखडते. त्यानंतर दिवसभर काहीही होत नाही. पेट्रोल मी ८७ ऑक्टेनचे भरतो. ९१ भरून पाहिले तर चढावरची किटकिट थोडी कमी होते, सकाळच्या खडखडीवर काहीच फरक पडत नाही.

एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटे ऐकले आणि इंजिन बदलायला सांगितले. ते मला पटलेले नाही. घरी गॅरेज आहे, पाने आहेत, रविवार मोकळा असतो. सुरुवात कुठून करावी?

चौथा_गिअर (पुणे)

मला तरी दोष पेट्रोलचाच वाटतो. इकडे अगदी साधे पेट्रोलही निदान ९१ ऑक्टेनचे असते आणि तुम्ही अमेरिकेत राहून ८७ भरता, हे वाचून आश्चर्य वाटले. महिनाभर उत्तम प्रतीचे पेट्रोल भरा आणि टाकीत एक बाटली क्लीनर ओता.

रसायनवाला (ह्यूस्टन)

@चौथा_गिअर, हे दोन आकडे एका पट्टीवर मोजलेले नाहीत. भारतात आणि युरोपात पंपावर केवळ रिसर्च पद्धतीचा ऑक्टेन आकडा लिहितात. अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या दोन्ही पद्धतींची सरासरी लिहितात, जी त्याच पेट्रोलसाठी चार-पाच अंकांनी कमी दिसते. त्यामुळे इथले ८७ आणि तुमचे ९१ हे जवळपास एकच पेट्रोल आहे. कोलोरॅडोत मात्र पंपावर ८५ सुद्धा मिळते. उंचीवर हवा विरळ असते, सिलिंडरमध्ये ती कमी भरते, म्हणून कार्ब्युरेटरच्या काळापासून ते तिथे चालत आले आहे. या गाडीच्या पुस्तिकेत ८७ सांगितले आहे, तेव्हा धागाकर्ते योग्यच करत आहेत.

नॉकिंग म्हणजे नेमके काय, हेही सांगतो. ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूने शिस्तीत पसरायला हवी. पण कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतके तापते की ज्योत पोहोचायच्या आधीच ते आपले आपण पेटते. वरात दारात यायच्या आधीच मांडवातल्या पोरांनी फटाक्यांची माळ लावून द्यावी, तसा हा प्रकार. त्यातून दाबाच्या ज्या लहरी उठतात, त्यांचा आवाज म्हणजे ती किटकिट. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, १३ ला १ आहे. ॲटकिन्सन पद्धतीत इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होत असल्याने प्रत्यक्ष दाब तितका चढत नाही, तरीही कार्बन साचलेल्या जुन्या इंजिनात सवलत फारशी उरत नाही. ९१ ने किटकिट कमी झाली, याचा अर्थ चढावरचा आवाज हा खराखुरा नॉक आहे.

तिरकस_टोपी (मुंबई)

गाडीला नजर लागली आहे. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधा आणि शनिवारी बदलत जा. अर्धी हायब्रिड असल्यामुळे अर्धे लिंबू पुरेल.

जुना_फिटर (नाशिक)

तिरकसराव, लिंबू स्वस्त आहे, करून पाहायला हरकत नाही. आता कामाचे बोलू.

माझी उमेदीची वर्षे वर्कशॉपमध्ये गेली. २०१३ पासून आपल्याकडे आलेल्या कॅमरी हायब्रिड गाड्यांचे कामही पुष्कळ केले. अनुभवाने सांगतो की गिऱ्हाईक ज्याला 'ठोके' म्हणतो, त्याच्या पोटात चार-पाच वेगवेगळे आजार असतात आणि औषध प्रत्येकाचे निराळे असते. म्हणून एकही पार्ट विकत घेण्याआधी आवाज ओळखा.

इंजिन गरम असताना भार पडल्यावर येणारी आणि ॲक्सिलरेटर सोडताच थांबणारी बारीक किटकिट म्हणजे नॉक. फेरे वाढतील तसा वाढणारा, खालून येणारा जड, ठाम ठोका बेअरिंगचा असू शकतो. तो बहुधा तेल कमी पडलेल्या इंजिनात येतो आणि तो असेल तर गाडी त्याच दिवशी उभी करावी. एक्झॉस्टवरचा पातळ पत्रा सैल झाला की ठरावीक फेऱ्यांवर झणझण करतो; क्लँप लावला की काम झाले. इंजेक्टरची टिकटिक ही तर या गाड्यांची बोलीच आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नये.

राहिली तुमची सकाळची खडखड. थंड इंजिन, पहिले काही सेकंद, सगळी गाडी हलते आणि मग सारे शांत होते. हा नॉक नव्हे. एखादा सिलिंडर पेटत नसल्याचे हे लक्षण आहे. या गाडीत इंजिन आणि ट्रान्समिशन यांच्यामध्ये स्प्रिंगा असलेली डॅम्पर चकती असते. चारांपैकी एक सिलिंडर चुकला की फिरण्याची लय तुटते, त्या स्प्रिंगा आपटतात आणि ऐकणाऱ्याला वाटते की इंजिनात कनेक्टिंग रॉड सुटला आहे. तुमच्या गॅरेजवाल्यालाही बहुधा तसेच वाटले असावे.

तीन प्रश्नांची उत्तरे द्या. कूलंटची पातळी खाली जाते का? जमिनीवर कुठे त्याचा गुलाबी डाग दिसतो का? स्कॅनर लावून कोड वाचले आहेत का?

उंचावरचा

@जुना_फिटर, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. स्कॅनर लावला. पी०४०१ हा साठवलेला कोड मिळाला आणि पी०३०० तात्पुरत्या यादीत आहे. जमिनीवर डाग नाही. कूलंटची टाकी खालच्या रेषेच्याही खाली आहे. ती आधी कुठे होती, याची नोंद माझ्याकडे नाही.

जुना_फिटर (नाशिक)

पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा, आणि पी०३०० म्हणजे मिसफायर, सिलिंडर न पेटणे. तुमच्या दोन आवाजांना दोन कोड मिळाले. बाहेर गळती नसताना कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यावा लागेल. आजपासून टाकीवर पेनाने खूण करा आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच पातळी पाहा.

कावेरी_काठ (मिशिगन)

मी याच पिढीच्या गाडीचे ईजीआर घरी साफ केले आहे, म्हणून जरा लांबच लिहिते.

ईजीआर म्हणजे जळून गेलेल्या वायूचा थोडा भाग पुन्हा आत घेणे. या इंजिनात तो वायू आधी कूलरमधून थंड केला जातो. त्या वायूत ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नॉकची प्रवृत्ती कमी होते. काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पोकळीतून) येणारी तेलाची वाफ मिळून कूलरच्या बारीक नळ्या हळूहळू बुजवतात. त्यापुढे इनटेक मॅनिफोल्डमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी एक अशी चार लहान छिद्रे असतात, तीही बुजतात. मी मॅनिफोल्ड काढले तेव्हा एका छिद्रातून काडी जेमतेम जात होती आणि शेजारचे बऱ्यापैकी मोकळे होते. म्हणजे चारही सिलिंडरना थंड वायूचा वाटा सारखा मिळतच नव्हता.

कामाचा क्रम असा आहे. वायपरचे हात, त्याखालचे प्लास्टिक, वायपरची मोटर आणि पत्र्याचा ट्रे हे सगळे आधी काढावे लागते. त्याशिवाय मागे हात पोहोचत नाही. कूलरमध्ये कूलंट असल्याने ते थोडे उपसावे लागते. कूलर इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे आणि त्याचे खालचे नट काढताना आपण हे काम का अंगावर घेतले, असा विचार मनात येतोच. लांब एक्स्टेन्शन, वाकणारा जॉइंट आणि चुंबकाची काठी जवळ ठेवा, कारण एखादा नट खाली पडतोच.

कूलर डीग्रीझर घातलेल्या गरम पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा आणि शेवटी नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहा. उजेड दिसेपर्यंत काम संपले असे समजू नका. ईजीआर व्हॉल्व्हचा विजेचा भाग पाण्यात बुडवू नये. फक्त धातूचा भाग क्लीनर आणि ब्रशने घासावा. गॅस्केट नवीन घाला. मॅनिफोल्ड बाहेर आहेच, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे सोडणारा) बदला आणि थ्रॉटल बॉडी पुसून घ्या. एअर फ्लो सेन्सरवर त्याच्यासाठीच मिळणारा स्प्रे मारा, दुसरा कुठलाही नको.

आमच्या गाडीची लांबच्या चढावरची किटकिट यानंतर थांबली. सकाळची खडखड आमच्याकडे कधी नव्हतीच, त्यामुळे त्याबद्दल मी काही सांगणार नाही.

वळणवाट (ठाणे)

इरिडियम प्लगचे काय? या गाडीच्या अमेरिकेतल्या वेळापत्रकात ते एक लाख वीस हजार मैलांवर बदलायला सांगितले आहेत. कागद अर्धवट असतील तर बदललेच नाहीत असे धरून चालावे. जुना प्लग काढल्यावर कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे लिहून ठेवा. चारांतला एकच वेगळ्या रंगाचा असेल, तर तो बरेच काही सांगून जाईल.

चौथा_गिअर (पुणे)

ऑक्टेनचा मुद्दा मान्य, माझी माहिती सुधारली. पण एवढी उस्तवार करण्यापेक्षा ईजीआर पत्रा लावून बंदच का करू नये? आपल्याकडे कित्येक डिझेल गाड्यांचे ईजीआर लोक तसे बंद करतात आणि पिकअप सुधारला म्हणून खूश असतात.

रसायनवाला (ह्यूस्टन)

डिझेलमध्ये नॉकचा हा प्रश्न अशा स्वरूपात नसतो, म्हणून तिथला अनुभव इथे लावता येत नाही. या पेट्रोल इंजिनातील ठिणगीचे टायमिंग ईजीआर चालू आहे असे गृहीत धरून बसवलेले आहे. ते बंद केले की ज्वलन तापेल, नॉक वाढेल, नॉक सेन्सर टायमिंग मागे ओढेल आणि मायलेज घसरेल. म्हणजे जो आजार आहे तोच आपण हाताने कायम करू. शिवाय अमेरिकेत प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा निकामी करण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे आणि चेक इंजिनचा दिवा लागलेली गाडी एमिशन तपासणीत अडकते.

निळी_छत्री (सॅन होजे)

पीसीव्हीच्या नळीत तेल अडवणारा कॅच कॅन बसवला तर मॅनिफोल्डमध्ये तेल कमी जाते, असे पुष्कळ प्रियसवाले करतात. मात्र कॅलिफोर्नियात हवा मंडळाची मंजुरी नसलेला असा जोड स्मॉग चेकच्या पाहणीत अडचणीचा ठरू शकतो. थंड प्रदेशात त्या डब्यात पाणी साचून गोठते, त्यामुळे कोलोरॅडोच्या हिवाळ्यात तो वारंवार रिकामा करावा लागेल. माझे मत विचाराल तर, तेल पाच हजार मैलांवर बदलणे हा त्याहून साधा उपाय आहे. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० सिंथेटिकसाठी दहा हजार मैल दिले आहेत, पण एवढ्या वयाच्या इंजिनाला ती मुदत मी देणार नाही. आणि दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक पाहा. या वयात अनेक इंजिने तेल पितात आणि दिवा लागेपर्यंत वाट पाहणाऱ्याला मग खरोखरच बेअरिंगचा ठोका ऐकावा लागतो.

सांभाळून_जा (नागपूर)

कामाला लागण्याआधी एक विनंती. हायब्रिड गाडी शांत उभी आहे म्हणजे बंद आहे, असे समजू नये. डॅशबोर्डवर 'रेडी' दिसत असेल तर बॅटरी किंवा तापमान उतरताच इंजिन आपोआप सुरू होते. त्या क्षणी तुमचा हात आत असला तर काय होईल, हे सांगायला नको. गाडी पूर्ण बंद करा, किल्ली घरात दूर ठेवा आणि मागच्या बाजूच्या १२ व्होल्ट बॅटरीची ऋण तार काढा. केशरी आवरणाच्या तारांना हात लावू नका. इंजिन चालवून पाहायचे असेल तर गॅरेजचे दार उघडे ठेवा, कारण थंडीत दार बंद करून इंजिन चालवणे जिवावर बेतते.

वळणवाट (ठाणे)

इंजिन चालू ठेवून ऐकायचे कसे, हाही एक प्रश्नच आहे, कारण ते मध्येच बंद पडते. त्यासाठी मेंटेनन्स मोड आहे. ब्रेकला पाय न लावता पॉवरचे बटण दोनदा दाबा. पार्कमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दोनदा दाबा, न्यूट्रलमध्ये दोनदा, पुन्हा पार्कमध्ये दोनदा, आणि मग ब्रेक दाबून गाडी सुरू करा. हे सगळे एका मिनिटाच्या आत व्हायला हवे. त्यानंतर गाडी बंद करेपर्यंत इंजिन चालू राहते. या अवस्थेत गाडी रस्त्यावर नेऊ नये.

तिरकस_टोपी (मुंबई)

हे तर एखाद्या मंत्राच्या विधीसारखे झाले. पार्कमध्ये दोन आचमने, न्यूट्रलमध्ये दोन. माझे लिंबू सोपे होते.

मृदुगंध (शिकागो)

हेड गॅस्केट गळत असेल तर रेडिएटरमध्ये ओतायचे सीलंट मिळते. शेजाऱ्याने एका जुन्या गाडीत ते वापरून दीड वर्ष काढले. इंजिन उघडण्याआधी तो प्रयोग करायला काय हरकत आहे?

जुना_फिटर (नाशिक)

हरकत आहे. ते द्रव्य गळती कुठली आणि हीटरची बारीक नळी कुठली, हे ओळखत नाही. या गाडीचा कूलंट पंप विजेवर चालतो. पंप किंवा हीटरचा कोर अर्धवट बुजला की नवे दुखणे सुरू होते आणि नंतर हेड उघडणारा फिटर तुम्हाला दुवा देत नाही. गाडी पुढच्या महिन्यात भंगारातच घालायची असेल तर बाटली ओता. टिकवायची असेल तर ओतू नका.

धागाकर्त्यांनी आधी खात्री करून घ्यावी. कूलंटचा प्रेशर टेस्टर अमेरिकेत पार्टच्या दुकानांतून अनामत ठेवून वापरायला मिळतो, असे ऐकतो. इंजिन थंड असताना तो टाकीच्या तोंडाला लावा, झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा अधिक दाब देऊ नका आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी प्लग काढून प्रत्येक छिद्रातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत सोडा. ज्या सिलिंडरमध्ये थेंब दिसेल तो चोर. आणखी एक खूण म्हणजे बाकीच्या पिस्टनांवर काळा कार्बन असतो आणि गळक्या सिलिंडरचा पिस्टन वाफेने धुतल्यासारखा उजळ दिसतो.

उंचावरचा

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला, पण तेवढ्यात काम बरेच पुढे गेले आहे.

कावेरीताईंच्या क्रमाने ईजीआरचा कूलर, व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड साफ केले. कूलर हातात घेऊन दिव्यासमोर धरला तेव्हा उजेडाचा एकही ठिपका दिसला नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि प्लग नवीन घातले. त्यानंतर ८७ ऑक्टेनवर बोगद्यापर्यंत जाऊन आलो. इडाहो स्प्रिंग्जच्या पुढच्या चढावर बॅटरी पूर्ण उतरली, इंजिन तारस्वरात होते, तरी किटकिट आली नाही. पी०४०१ परत आलेला नाही.

सकाळची खडखड मात्र जशीच्या तशी आहे. टाकीवरची पातळी खुणेपासून बोटभर खाली गेली. प्रेशर टेस्टर रात्रभर लावला, तर सकाळी दाब उतरलेला होता. बोअरस्कोपमध्ये दुसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा एका कडेचा भाग स्वच्छ रुपेरी दिसतो आणि त्यावर गुलाबी थेंब आहेत. बाकी तीन काळेभोर. फोटो जोडतो.

हेड उतरवण्याइतकी माझी तयारी नाही. बाहेर काम द्यायचे तर खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे जातो. तोवर गाडी चालवू का?

रसायनवाला (ह्यूस्टन)

निदान इतके स्वच्छ क्वचितच होते. ईजीआर बुजल्यानेच गॅस्केट गेले, असे ठामपणे म्हणणारे बरेच आहेत. मी तितके ठाम म्हणणार नाही, कारण एवढ्या मैलांनंतर दोन्ही गोष्टी एकाच इंजिनात आढळणे अगदी स्वाभाविक आहे. पण ज्वलन असमान तापत असेल तर गॅस्केटवर ताण येतो, हेही खरे.

जुना_फिटर (नाशिक)

चालवू नका. आज रात्री सिलिंडरमध्ये थेंब जमतात, उद्या घोटभर जमेल. द्रव दाबला जात नाही. या गाडीत इंजिन फिरवायला वेगळा स्टार्टर नसून ट्रान्समिशनमधली दणकट मोटर असते, ती बिचकत नाही. एखाद्या सकाळी कनेक्टिंग रॉड वाकला की हेडची दुरुस्तीही हातची जाईल आणि इंजिन बदलणे एवढाच मार्ग राहील.

कावेरी_काठ (मिशिगन)

फोटो पाहिले. चढाचा प्रश्न सुटला याचा फार आनंद झाला. आता दोन दुकानांत विचारा आणि दोघांनाही तेच प्रश्न विचारा. हेड काढल्यावर ते मशीन शॉपमध्ये पाठवून सपाटी तपासणार का? ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही पट्टी आणि फीलर गेज लावून पाहणार का? हेडचे बोल्ट नवीन घालून आधी टॉर्कने आणि मग ठरलेल्या अंशांत फिरवून कसणार का? 'बघू' असे उत्तर देणाऱ्याला काम देऊ नका. तुम्ही साफ केलेला कूलर आणि मॅनिफोल्डच परत बसवायला सांगा, म्हणजे त्याची मजुरी दुसऱ्यांदा लागणार नाही.

निळी_छत्री (सॅन होजे)

जपानहून आलेले वापरलेले इंजिन हा पर्याय ते तुमच्यासमोर ठेवतीलच, कारण त्यांना तो सोपा पडतो. तो घेतलात तर इंजिन गाडीबाहेर, स्टँडवर असतानाच त्याचा ईजीआर कूलर आणि मॅनिफोल्ड उघडून पाहा. तेही इंजिन तितक्याच वयाचे असू शकते आणि बाहेर असताना ते नट सहज हाताला लागतात.

उंचावरचा

पहिल्या दुकानाने वापरलेल्या इंजिनाचाच भाव दिला आणि सपाटीच्या प्रश्नावर 'बघू' म्हटले. दुसऱ्या दुकानाने हेड मशीन शॉपला पाठवण्याचे कबूल केले असून बोल्टची किंमत अंदाजपत्रकात वेगळी लिहून दिली आहे. गाडी सोमवारी टो करून तिकडे पाठवतो आहे. मॅनिफोल्ड आणि कूलर आमचेच बसतील, हे त्या कागदावर लिहून घेतले आहे.

तिरकस_टोपी (मुंबई)

टो ट्रकच्या पुढच्या बंपरलाही एक लिंबू बांधा. तो पूर्ण डिझेल असेल, तेव्हा अख्खे लागेल.